निवडलेले आणि उरलेले

कृष्णराजसागराजवळच्या बेळगोळला राहावयास आल्यापासून संध्याकाळी मराठीत बोलावयास माणूस मिळणे दुर्मीळ झाले आहे. त्यामुळे सुटीत भाचा आला तेव्हा त्याच्या खेळातही मी लक्ष घातले. खेळाचे नाव पोकेमॉन. सातोशी ताजिरी या जपानी गृहस्थांना लहानपणी कीटक जमविण्याचा छंद होता. त्यातून ही कल्पना निघाली आणि १९९६ साली हा खेळ जपानात प्रथम आला. चित्रविचित्र प्राणी पकडावयाचे आणि दुसऱ्याच्या प्राण्यांशी झुंजवावयाचे, एवढाच हा पोरखेळ असेल अशी माझी समजूत होती. भाच्याची वही पाहिली आणि ती ढासळली.

ती वही म्हणजे एखाद्या आस्थापना शाखेची फाईलच! स्पर्धेस सहा प्राण्यांचा संघ न्यावयाचा आणि सामन्यात त्यांतले चार उतरवावयाचे. प्रत्येकास डाव चारच. त्यांचे प्रकार अठरा. पाणी आगीला भारी, आग गवताला भारी, गवत पाण्याला. म्हणून एकाचे उणे दुसऱ्याने झाकावे लागते. शिवाय प्रत्येकाच्या अंगी जन्मतःच सहा गुणांचे शून्य ते एकतीस असे अंक असतात. हे अंक पुरते मिळावेत म्हणून खेळाडू अंड्यांमागून अंडी उबवीत, एखादे पिल्लू ठेवीत आणि बाकीची सोडून देत. २०१६ पासून उणे अंक सरावाने भरून काढण्याची सोय झाली. तोवर ही चाळणी अखंड चालू होती.

"सोडलेल्यांचे काय होते रे?" मी विचारले.

"काही नाही, मामा. यादीतून जातात."

वाचकांनी हसू नये. पडद्यावरच्या पिल्लास वेदना नसते, हे मलाही कळते. पण कान्टने प्राण्यांच्या क्रौर्याविषयी म्हटले होते की, त्याने माणसाचे माणसाविषयीचे मन निबर होते. हा आक्षेप मी भाच्यावर घेणार होतो. परंतु त्याच आठवड्यात माझ्या मेजावर एक यादी पडली होती. एक जुनी शाखा बंद होऊन नवे पथक उभे राहावयाचे होते. वीस नावांतून सहा निवडावयाची होती आणि प्रत्येकासमोर मी अंकच मांडीत होतो.

त्यांत एक वयस्क लिपिक होते. कामाला संथ, यंत्राला बिचकणारे. मात्र ते ज्या खोलीत बसत, तेथली भांडणे फाईलवर चढत नसत. यासाठी रकाना नव्हता, म्हणून मी त्यांच्या नावावर काट मारली होती.

भाच्याने मग २०१४ सालची वॉशिंग्टनची जागतिक स्पर्धा सांगितली. कोरियाच्या सेजुन पार्कने बलाढ्यांच्या मेळाव्यात पाचिरिसू नावाची चिमुकली खार आणली. शत्रूचे घाव स्वतःकडे ओढून घेणे, हे तिचे काम. तेवढ्यात शेजारचा ग्याराडोस निर्धास्तपणे लढे. पार्क विजेता ठरला. उद्योगपर्वात अर्जुनाने नारायणी सेना सोडून निःशस्त्र कृष्ण मागितला, ते मला आठवले. मी त्या लिपिकांचे नाव परत घातले आणि क्षणभर स्वतःवर प्रसन्न झालो.

ती प्रसन्नता टिकली नाही. खारीस मान मिळाला तो ती उपयोगी पडली म्हणून. लिपिकांनाही मी वाचविले ते त्यांचा उपयोग सापडला म्हणून. मोजपट्टी थोडी लांब केली, इतकेच. मोजणे सोडले नाही. ज्यांचा काहीच उपयोग आपणांस सुचत नाही, त्यांच्याविषयी आपले देणे काय? संघ बांधणाऱ्याने तो प्रश्न विचारला तर संघ उभा राहणार नाही, हे खरे. पण न विचारता उभा राहिलेला संघ मला त्या दिवशी रुचेना.

भाच्याच्या संग्रहात एक प्राणी अगदी सामान्य अंकांचा होता. सामन्यात तो कधीच उतरत नसे. तो का ठेवलास, असे विचारता उत्तर आले, "तो पहिला आहे, मामा."

दुसऱ्या दिवशी मी यादी पाठविली. त्यात सहा नावे होती. उरलेल्या चौदा जणांपैकी किती जणांचे चेहरे आठवतात, हे रात्री मोजू लागलो. पाचांपुढे गेलो नाही.