खाजणातली मारांडी

संतसज्जनहो, प्रपंचात राहून अलिप्त कसे राहावे हे सांगताना आम्ही कीर्तनकार कमळाचा दृष्टांत देतो. पाण्यात असूनही पानाला पाणी लागत नाही, तसे राहा. चाळीस वर्षे मीही हेच सांगितले. पण आमच्या डहाणूच्या खाडीत कमळ उगवत नाही. तिथे उगवते मारांडी.

चैत्रात विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या यात्रेस आलात, तर परतताना खाडीकडेही या. तिवरांच्या पायथ्याशी, चिखलात एक काटेरी झुडूप दिसेल. पाने जाड, चकचकीत, कडांना काटे. वर निळसर जांभळ्या फुलांचा तुरा. दिवसातून दोनदा भरतीचे खारे पाणी तिच्या मुळाशी येते. मुळे काही मीठ बाहेरच अडवतात. उरलेले आत शिरतेच. ते ती पानांवरच्या बारीक ग्रंथींतून बाहेर टाकते. कोरड्या दिवसांत पानावर मिठाचे कण दिसतात. नातवाने मला ते भिंगातून दाखवले. पाऊस आला की ते धुऊन जातात.

आता माझी गोष्ट. वडिलोपार्जित चिकूवाडीच्या बांधावरून धाकट्या भावाशी वाद झाला. अकरा वर्षे मी त्याच्याशी बोललो नाही. कोणी विचारले तर म्हणायचो, "मी त्यातून अलिप्त झालो." लोकांना ते वैराग्य वाटे, मलाही वाटे. पण भजनाला बसलो की बांध आठवे आणि टाळ चुके. मीठ आत साठले होते, वरून मी कमळाचे पान पांघरले होते.

कमळाचा दृष्टांत खोटा नाही. तो सिद्धांचा आहे. आपण लेकराबाळांतली, देण्याघेण्यातली माणसे. आपल्याला अपमान लागणारच. लागण्यात दोष नाही, साठवण्यात आहे. मग बाहेर कसे टाकावे? शिव्या दिल्या तर दुसऱ्याच्या मुळाशी मीठ घातल्यासारखे होते. त्यापेक्षा देवासमोर उघडे बोलावे, "विठ्ठला, माझ्या मनात राग आहे." धुणारा पाऊस त्याच्या हाती.

मी तसे बोललो, आणि गेल्या कार्तिकी एकादशीला भावाच्या दारात गेलो. बांधाचा निकाल अजून लागलेला नाही. पण निघताना वारकरी रीतीप्रमाणे आम्ही एकमेकांच्या पाया पडलो.

तुमचेही असे एखादे दार राहिले असेल, तर माझ्यासारखी अकरा वर्षे घालवू नका.

रामकृष्ण हरी.