आंघोळ कुठे संपते?

हिंगोली जिल्ह्यातल्या सिद्धेश्वरला पूर्णा नदीवर धरण आहे. वर येलदरी, खाली हे. गावाचं नाव महादेवाचं, आणि बारा ज्योतिर्लिंगांत गणलं जाणारं नागनाथाचं देऊळ तालुक्याच्या गावी, औंढ्याला. अशा मुलखात तुंबलेल्या मोरीचा प्रश्न धर्माचा म्हणून मांडला तर लोक हसतील. मोरी तुंबली की तार घालावी, नाहीतर बाटलीभर ॲसिड ओतावं. त्यात धर्म कसला? तरी प्रश्न खरा आहे. स्नानाला आपल्या आचारात केवढा मान! पहाटेची वेळ, नद्यांची नावं, पर्वणी, कुंभमेळा. मग अंगावरून उतरलेलं पाणी मोरीच्या जाळीखाली गेलं की त्यातला मळ कुणाचा राहतो? माझं उत्तर असं की तो ज्याचा होता त्याचाच राहतो, आणि हे उत्तर आपल्या देवळांनी केव्हाच दिलेलं आहे.

शंकराच्या देवळात प्रदक्षिणा पूर्ण घालत नाहीत. अभिषेकाचं पाणी गाभाऱ्यातून जिथून बाहेर पडतं ते सोमसूत्र ओलांडायचं नाही; तिथवर जायचं, मागे फिरायचं आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा तिथवर यायचं. पाणी पिंडीवरून वाहून गेलं, भिंतीबाहेर पडलं, तरी त्याचं पिंडीशी असलेलं नातं तुटत नाही, असा यामागचा भाव. कुणी म्हणेल, ते तीर्थ आहे, मोरीतलं पाणी घाण. दोन्ही एका मापाने कशी मोजता? मोजायचं आहे ते नातं. पवित्र वस्तूचा संबंध बाहेर पडल्यावरही टिकतो असं मानणाऱ्याला अपवित्र वस्तूचा संबंध जाळीपाशी तुटतो असं म्हणता येणार नाही. स्पर्शाने गुण लागतो हे तत्त्व सोयीपुरतं पाळायचं नसतं.

व्यवहारात तर याहून विपरीत घडलं. मळाचा संबंध तुटला नाहीच, तो दुसऱ्याच्या माथी मारला गेला. ज्याच्या अंगाचा मळ तो आंघोळ करून सोवळा झाला, आणि ज्याने तो उपसला तो पिढ्यान्‌पिढ्या ओवळा ठरला. जातिव्यवस्थेतला हा हिशेब इतका उघड उलटा आहे, की तो एवढी शतकं कुणाला खटकू नये याचंच नवल वाटतं. अर्थात खटकला होता. बौद्धांच्या विनयपिटकात, चुल्लवग्गात, भिक्खूंच्या उष्ण स्नानगृहात पाणी साचू लागलं तेव्हा बुद्धांनी निचऱ्याच्या वाटेची परवानगी दिली, असं नोंदवलेलं आहे. तिथेच नियम आहे की स्नानगृहातून शेवटी निघणाऱ्याने चिखल झाला असेल तर तो धुऊन निघावं. चिखल धुण्यासाठी कुणी खालचा बोलवायचा नाही. अलीकडचं उदाहरण अप्पासाहेब पटवर्धनांचं. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावं म्हणून त्यांनी अन्नत्याग केला, आणि येरवड्यात असलेल्या गांधींनी त्यांना उपासाने साथ दिली.

आता जाळीखाली नेमकं काय असतं ते पाहू. प्लंबर ज्याला नहाणी ट्रॅप म्हणतात, त्याच्या वाकणात थोडं पाणी कायम राहतं. गटाराचा वास त्यामुळे वर येत नाही. त्याच वाकणावर केस अडकतात. बोअरच्या जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबण मिळाला की न विरघळणारी पांढुरकी साय तयार होते, ती केसांना धरते, त्यावर अंगाचं तेल आणि मातीचा थर बसतो, आणि करड्या रंगाचा बुळबुळीत झुबका तयार होतो. डोक्यावर असताना ज्या केसांना तेल लावून विंचरलं, तेच इथे हात लावण्याच्या लायकीचे राहत नाहीत. बौद्ध साधनेत देहाच्या बत्तीस भागांचं चिंतन सांगितलं आहे आणि त्याची सुरुवात केसांपासून होते, ते उगाच नव्हे. आपण मात्र चिंतन टाळून ॲसिड ओततो. ॲसिडने क्षार सुटतात, केस सहजी विरघळत नाहीत. वर त्यात ब्लीचिंग पावडर मिसळली तर क्लोरीन वायू सुटतो, तो जीवावर बेतू शकतो. जाळी उचलून, वाकवलेल्या तारेने झुबका ओढून काढणं हा स्वस्त आणि बिनधोक उपाय. तरी बाटलीचा खप आहे, कारण बाटली हात न लावण्याची सोय विकते. पूर्वी ती सोय माणसाकडून घेतली जाई.

यावर एक रास्त आक्षेप येतो: कामाची वाटणी हा काही अधर्म नव्हे, प्लंबरचं पोटही त्यावर चालतं. मान्य. फुटलेला पाइप, खचलेली नळी हे कसबाचं काम आहे, त्याला कसबाचे पैसे मिळावेत. जाळीवरचे केस उचलायला कसब लागत नाही. तिथे आपण फक्त किळस दुसऱ्याला विकतो. घरात तर पैसेही न देता. केस लांब तिचे म्हणून मोरी सुनेची, हा न्याय कित्येक घरांत चालतो. साबण सगळ्यांचा असतो हे कुणी बोलत नाही. आणि घराबाहेर? सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवण्याविरुद्ध 2013 चा कायदा आहे, तरी माणसं उतरवली जातात आणि मरतात.

दुसरा आक्षेप भक्तांचा: शुद्धी मनाची, मोरीत काय शोधता? तर औंढ्याचीच कथा घ्या. विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवांनी पाय उचलून जिकडे ठेवावेत तिकडे पिंड. देवाविना जागा नाही हे ज्याला पटलं, त्याने मोरी त्यातून वगळायची कशाच्या आधारावर? गाडगेबाबांनी आधी गाव झाडला, मग कीर्तन केलं. तेव्हा उद्या आंघोळ झाली की टॉवेल गुंडाळण्याआधी जाळी स्वतः उचला. घरातल्या मुलग्यांनाही उचलायला लावा.