हेलपाटा

सकाळी सातला फोन वाजला. पलीकडे वायरमन काका. "आहात ना आज घरी? काल हेलपाटा झाला."

आवाजात तक्रार नव्हती. काल पाऊस पडून गेला असं सांगावं, तशा सुरात ते बोलले. दहाला येतो म्हणाले आणि फोन ठेवला.

मी चहा गाळत होतो. तो शब्द कानात राहिला. कितीतरी दिवसांनी ऐकला. लहानपणी तो घरात रोज असायचा. आजोबा तालुक्याला जायचे. संध्याकाळी परत येऊन वहाणा काढायचे आणि आजीनं काही विचारायच्या आत म्हणायचे, "साहेब रजेवर." आजी पाण्याचा तांब्या पुढे करायची. दिवस संपलेला असायचा.

फेरी, खेप, हेलपाटा. चालणं तिन्हींत सारखंच. पण फेरी मारून आलेला माणूस ताजा होतो, आणि खेपेत निदान काहीतरी वाहून आणलेलं असतं. हेलपाट्यात पाय दमतात आणि हात रिकामे राहतात. त्याची नोंद कुठल्या वहीत होत नाही, मजुरी कुणी देत नाही. आजोबा म्हणायचे, ज्याला गरज त्यानं चालायचं. साहेबांना कधी हेलपाटा झाल्याचं मात्र मी ऐकलं नाही.

असाच एक हेलपाटा 1971 साली, बांगलादेश जन्माला येत असताना, तेरा वर्षांच्या एका मुलाला पडला. लढाई सुरू होती. जशोर शहरातलं घर सोडून कुटुंब खेड्यात येऊन राहिलेलं. धाकट्या भावंडासाठी औषध हवं होतं. आईनं याला दुसऱ्या गावी पाठवलं. सकाळभर तो चालला, दहाएक मैल. पोचला तर औषध देणारा माणूस जागेवर नाही. मग दुपारभर चालत तो घरी आला.

गोष्ट एवढीच आहे. अशी गोष्ट आपल्या प्रत्येकाच्या घरात एखादी असते. आपण ती एकदोनदा सांगतो आणि विसरतो.

त्या मुलाचं नाव इक्बाल कादिर. पुढे ते अमेरिकेत शिकले, न्यूयॉर्कमध्ये गुंतवणुकीच्या धंद्यात स्थिरावले. 1993 साली एक दिवस ऑफिसमधल्या कॉम्प्युटरांची एकमेकांशी असलेली जोडणी तुटली. काम थांबलं. सगळे नुसते बसून राहिले. त्या वाया चाललेल्या दिवसात कादिरांना वाया गेलेला दुसरा एक दिवस आठवला, बावीस वर्षांमागचा. एकीकडे न्यूयॉर्कचं ऑफिस, दुसरीकडे धुळीची पायवाट. दुखणं मात्र एकच: ज्याच्याशी काम आहे, त्याच्यापर्यंत पोचता येत नाही.

उद्योजकांच्या गोष्टीत लोकांना भांडवल, करार, नफा यांत रस असतो. मला त्या रिकाम्या तासाचं अप्रूप वाटतं. कॉम्प्युटर बंद पडला की आपण चिडतो, नाहीतर चहाला जातो. त्या वेळात मनानं एवढं लांब जाऊन येणारा माणूस विरळा.

तेव्हा बांगलादेशात पाचशे माणसांमागे एक टेलिफोन होता. खेड्यांत तर जवळजवळ नव्हताच. कादिर खेड्यापाड्यांत मोबाइल नेण्याचं बोलू लागले, तेव्हा धंद्यातल्या जाणत्यांना ते धर्मादाय काम वाटलं. गरिबाला फोन परवडणार कसा? प्रश्न काही खोटा नव्हता.

उत्तर मिळालं ते गाईपाशी. मुहम्मद युनूस यांची ग्रामीण बँक खेड्यातल्या बायकांना छोटी कर्जं द्यायची. बाई गाय घ्यायची, दूध विकायची, हप्ते फेडायची. मग गाईच्या जागी फोन का नको? फोन एकीचा. गावानं येऊन बोलावं आणि बोलण्याचे पैसे तिला द्यावेत. एवढ्या एका विचारानं 'परवडतं का' हा प्रश्नच उलटा झाला. चैनीची वस्तू दारातलं दुभतं झाली.

हे बोलायला सोपं आहे. त्यासाठी चांगली नोकरी सोडून वर्षानुवर्षं दारं ठोठावावी लागली. म्हणजे तिथेही हेलपाटे आलेच. शेवटी नॉर्वेची टेलिनॉर कंपनी तयार झाली, युनूस यांच्या ग्रामीण परिवाराची साथ मिळाली, आणि बांगलादेश रेल्वेच्या मार्गांवर आधीच टाकलेली फायबरची केबल भाड्यानं वापरायला मिळाली. 26 मार्च 1997 ला ग्रामीणफोन सुरू झाला. तो देशाचा स्वातंत्र्यदिन. ज्या वर्षानं त्या मुलाला खेड्यात आणून सोडलं, त्याच वर्षाची ही आठवण.

2005 पर्यंत असा फोन घेऊन बसलेल्या बायकांची संख्या लाखाच्या वर गेली होती. त्यांच्या अंगणात येऊन लोक काय बोलत असतील? धानाला भाव काय. आखातात गेलेला मुलगा बरा आहे ना. आणि नक्कीच कुणीतरी विचारत असेल, डॉक्टर आहेत का जागेवर?

पुढे फोन स्वस्त झाले, ज्याच्या त्याच्या हातात आले. अंगणातली ती गाय आटली. कादिरही आपला हिस्सा विकून बाहेर पडले होते, विद्यापीठात शिकवत होते. त्या बायकांचं पुढे काय झालं, हे मनात येऊन जातं. गाय आटली तरी तिला विकता येतं. जुना फोन कोण घेणार?

चहा निवला होता. मी फोन उघडून पाहिला. कालचे दोन मिस्ड कॉल, एकाच नंबरावरून. काल ते दिसले होते मला. मी बहिणीकडे होतो, फोन हातातच होता. अनोळखी नंबर. कुणीतरी कर्ज घ्या म्हणून मागे लागणार, असं वाटून मी तो वाजू दिला. तेवढ्यात काका नदीपलीकडून सायकल मारत आले आणि दाराचं कुलूप बघून परत गेले.

त्यांनी विचारलं होतं. एकदा नाही, दोनदा. त्या औषधवाल्याकडे फोन नव्हता. माझ्याकडे होता.

आणि पंखा माझा बंद पडलाय. गरज माझी होती. आजोबांच्या हिशेबानं चालायला मी हवा होतो.

नंबर आता नाव घालून ठेवला आहे. दहा वाजायला अजून अवकाश आहे. आज मी कुठे जाणार नाही.