परक्याचे स्वागत आणि श्रद्धेचा हेतू

परदेशी विद्यापीठात नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्याला तेथील एखादे ख्रिस्ती कुटुंब जेवायला बोलावते, थंडीचे कपडे मिळवून देते, नाताळच्या सुटीत वसतिगृह ओस पडले की आपल्या घरी ठेवून घेते. परदेशात शिकून आलेल्या अनेकांच्या आठवणींत असे एखादे घर असते. त्या आठवणीच्या कडेला पुष्कळदा एक संकोचही असतो : हा जिव्हाळा माझ्यासाठी होता, की माझ्या धर्मांतरासाठी? कृतघ्नपणाचा म्हणून हा प्रश्न झटकून टाकता येत नाही. मैत्री म्हणजे काय, या मूळ प्रश्नाशीच तो येऊन भिडतो.

ख्रिस्ती श्रद्धेत परक्याचे स्वागत हा ऐच्छिक सद्गुण नाही. ती आज्ञा आहे. मोशेच्या नियमशास्त्राने परक्यावर प्रेम करण्यास सांगितले, ते इस्राएली लोक स्वतः मिसर देशात परके होते याची आठवण देऊन. मत्तयाच्या शुभवर्तमानात तर ख्रिस्त स्वतःलाच परक्याच्या जागी उभे करतो. अडचण नेमकी येथे सुरू होते. आज्ञा सर्वांना सारखी लागू असते. मैत्री मात्र निवडीने होते. सोरेन किर्केगार्दने १८४७ साली प्रेमाच्या कृतींविषयी ग्रंथ लिहिला, त्यात हा भेद त्याने फार कठोरपणे मांडला आहे. आज्ञा आहे म्हणून जो माझ्यावर प्रेम करतो, तो माझ्यावर प्रेम करतो की आज्ञेचे पालन करतो? आणि आज्ञेच्या जोडीला मला आपल्या श्रद्धेकडे वळवण्याची इच्छाही असेल, तर ॲरिस्टॉटलने सांगितलेल्या उपयुक्ततेच्या मैत्रीपेक्षा ही मैत्री वेगळी कशी?

मराठी वाचकाला या प्रश्नाचा विचार एका परिचित उदाहरणावरून करता येईल. गोपाळराव जोशी यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मागणारे पत्र १८७८ साली कोल्हापुरातून मिशनऱ्यांना लिहिले. ते अमेरिकेतील एका मिशनरी नियतकालिकात संपादक वाइल्डर यांच्या उत्तरासह प्रसिद्ध झाले. उत्तराचा रोख ख्रिस्ती धर्माच्या स्वीकाराकडे होता. तोच अंक न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी दंतवैद्याकडे वाट पाहत असताना चाळला आणि त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले. एकाच धर्माची दोन माणसे, एकच पत्र. एकाने त्यात धर्मांतराची शक्यता पाहिली, दुसरीने शिकू इच्छिणारी मुलगी पाहिली.

पुढे समुद्रापलीकडून पत्रे येत-जात राहिली. आनंदीबाई कार्पेंटरबाईंना मावशी मानू लागल्या. १८८३ च्या जूनमध्ये त्या अमेरिकेत उतरल्या, तेव्हा उतरण्यासाठी त्यांना हे घर होते. निघण्यापूर्वी सेरामपूर येथील भाषणात त्यांनी आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ असे जाहीर केले होते. फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली, तेव्हाही त्या हिंदूच होत्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. गोपाळरावांनी त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ती आहे. धर्मांतराच्या हिशेबाने पाहिले तर या मैत्रीची जमा शून्य. तरीही त्या ख्रिस्ती स्त्रीने आपल्या माणसांच्या शेजारी या हिंदू मुलीला कायमची जागा दिली. ही श्रद्धेची हार मानावी की तिची पूर्तता?

याच काळात इंग्लंडमध्ये पंडिता रमाबाई वाँटेजच्या भगिनींकडे व नंतर चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात होत्या. १८८३ सालीच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे यजमानांची इच्छा येथे सफल झाली होती. पण सिस्टर जेराल्डाइन यांच्याशी त्यांचा तीव्र पत्रसंघर्ष झाला तो त्यानंतरच. आपल्या विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य रमाबाई कोणाच्याही हाती द्यायला तयार नव्हत्या. जिव्हाळ्याच्या माणसाकडून आज्ञाधारकपणाची अपेक्षा झाली, तेव्हा त्यांनी ती नाकारली. असे असूनही रमाबाईंची पत्रे जेराल्डाइन यांनीच जपली व संकलित केली; स्वतःचा प्रतिवाद करणारी पत्रे त्यांनी वगळली नाहीत. १९७७ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. मतभेदाची साधने इतक्या निष्ठेने जपणे हेही मैत्रीचेच, जरा उशिरा उमजलेले, रूप म्हणावे लागेल.

या दोन उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. श्रद्धावंताने आपली श्रद्धा दाराबाहेर ठेवून मैत्री करावी, ही मागणी न्याय्य नाही. जी वस्तू त्याला सर्वांत मोलाची वाटते ती मित्रापासून लपवून ठेवणे, हाही एक प्रकारचा अप्रामाणिकपणाच. म्हणून आक्षेप इच्छेला नसावा, अटीला असावा. अट होती की नव्हती हे कळते नकारानंतर. पाहुण्याने नम्रपणे ‘नाही’ म्हटल्यावरही त्याचे पान पूर्वीसारखेच मांडले जाते का?

ही कसोटी यजमानावर अधिक भार टाकते, आणि ते योग्यच आहे. परका विद्यार्थी भाषा, हवामान, पैसा या सर्वच बाबतींत उणा असतो. उपकाराखाली वाकलेल्या माणसाला नकार देणे जड जाते. त्याच्या होकाराचे मोलही त्यामुळे संशयास्पद होते. तेव्हा नकार सोपा करून ठेवणे हे देणाऱ्याचे कर्तव्य ठरते. मत्तयाच्या त्याच प्रसंगात एक सूक्ष्म सूचना आहे : ज्यांनी परक्याला आत घेतले, त्यांना आपण कोणाला आत घेतले हे ठाऊकच नव्हते, ते ऐकून ते चकित होतात. हिशेब मनात ठेवून केलेल्या स्वागताला हे आश्चर्य कधीच लाभणार नाही.

दुसऱ्यांच्या हेतूंची अशी छाननी करताना आपलेही दार तपासलेले बरे. पुण्यात आफ्रिकेतून, इराणातून, अफगाणिस्तानातून विद्यार्थी शिकायला येत आले आहेत. अतिथीला देव मानणाऱ्या आपल्या समाजाने त्यांच्यापैकी किती जणांना सणाच्या दिवशी घरी जेवायला बोलावले? मी अनेक वर्षे अध्यापन केले. माझ्या वर्गात असे विद्यार्थी बसत. त्यांचे निबंध मी काळजीपूर्वक तपासले, पण माझ्या घराचा रस्ता त्यांना कधी सांगितला नाही. माझ्या मनात त्यांच्याविषयी कोणताही छुपा हेतू नव्हता, हे खरे. पण हेतूही नव्हता आणि मैत्रीही नव्हती. रोझेलच्या त्या घरावर संशय घेण्याचा अधिकार मला कितपत पोचतो, हा प्रश्न मी अजून स्वतःला विचारतो.