डावा हात

भंडारा जिल्ह्यातल्या सानगडीत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे आणि गावाबाहेर दोन एकर धानाची शेती. दिवसभर लोकांचे फोन उघडायचे, चार्जिंगच्या पिना बदलायच्या, फुगलेल्या बॅटऱ्या काढायच्या आणि रात्री शटर अर्धं ओढून स्वतःच्या फोनवर अनोळखी माणसांशी वाद घालायचा, असा माझा काही वर्षांचा क्रम होता. कोणता प्रोसेसर तापतो, पब्जीवर बंदी घातली ते बरोबर की चूक, कोणत्या सरकारने धानाला बोनस दिला, विषय कोणताही चालायचा. मी खोटं मात्र कधी लिहिलं नाही. घरात पंचशील आहे आणि मुसावादापासून, म्हणजे खोटं बोलण्यापासून, दूर राहायचं हे मी लहानपणापासून रोज म्हणत आलो आहे. त्यामुळे माझी वाचा शुद्ध आहे, असं मी धरून चाललो होतो.

2024 च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात मतदान यंत्रांचा विषय तापला होता. वाघाचं चित्र लावलेल्या एका माणसाने आमच्या जिल्ह्याचं उदाहरण काढलं. नाना पटोले यांच्या राजीनाम्यामुळे 28 मे 2018 ला भंडारा-गोंदिया मतदारसंघात पोटनिवडणूक झाली, अनेक ठिकाणी व्हीव्हीपॅट यंत्रं बिघडली आणि 30 मे ला 49 केंद्रांवर फेरमतदान घ्यावं लागलं. तेव्हा उन्हाच्या तडाख्याचं कारण पुढे आलं होतं. वाघवाल्याचं म्हणणं, हे कारण म्हणजे थाप. मी उसळलो. आमच्याकडच्या मे महिन्याची त्याला काय कल्पना? बंद खोलीत काउंटरवर ठेवलेला फोन इथे आपोआप तापून बंद पडतो, हे मी रोज पाहतो. मी तसं लिहिलं. त्याने उलट लिहिलं. सव्वा महिना हे चाललं. मी तापमानाचे आकडे दिले, यंत्रातल्या सेन्सरबद्दल सांगितलं, त्याच्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या. माझं प्रत्येक वाक्य खरं होतं.

मग जूनमधल्या एका रात्री त्याचा एकच ओळीचा मजकूर आला: तिकडे मेमध्ये घरात किती गरम होतं?

मी लिहिलं, एसीत बसणाऱ्याला सांगून काय कळणार. आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पऱ्ह्यांसाठी, म्हणजे धानाच्या रोपांसाठी, बांधीत चिखल करत होतो. चालता चालता लक्षात आलं की तो टोमणा नव्हता. त्या माणसाला खरंच विचारायचं होतं. सव्वा महिन्यात दोघांपैकी कोणीतरी विचारलेला तो पहिला प्रश्न होता आणि मी त्याच्या तोंडावर दार लावलं होतं. आणखी एक गोष्ट त्याच चिखलात उमगली. त्या 49 केंद्रांपैकी एकही मी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. मला ठाऊक होतं ते फक्त ऊन. उन्हाबद्दल खरं बोलत बोलत मी यंत्रांचा साक्षीदार होऊन बसलो होतो.

घरी बाबांना सांगितलं. बाबा निवृत्त शिक्षक. त्यांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "तुले त्या माणसाचं नाव तरी मालूम आहे का?"

मालूम नव्हतं. तेव्हापासून हा प्रश्न माझ्यामागे लागला आहे: माणूस खरं बोलूनही वाचेचा दोषी होऊ शकतो का?

आषाढ पौर्णिमेला पावसाळ्यातला वर्षावास सुरू झाला. आमच्या विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो आणि मधूनमधून भन्ते येतात. त्यांना मी हे विचारलं. ते म्हणाले, वाचेची अकुशल कर्मं चार आहेत, तू त्यातलं एक धरून बसलास. खोटं बोलणं हे एक. चहाडी दुसरं, कठोर बोलणं तिसरं, व्यर्थ बडबड चौथं. राहिलेल्या तिन्हींत खोट्याचा कण नसला तरी चालतो. चहाडी बहुधा खरीच असते. मी अस्वस्थ झालो, कारण माझ्या सव्वा महिन्याच्या मजकुरात तिसरं आणि चौथं भरपूर सापडलं असतं.

पण मग कठोर बोलूच नये का? त्यावर भन्तेंनी अभय राजकुमाराची गोष्ट सांगितली. ती मज्झिम निकायात आहे. एका विरोधी पंथाच्या आचार्यांनी अभयला बुद्धाकडे पाठवलं, दोन्ही बाजूंनी अडकवणारा प्रश्न देऊन. तथागत, म्हणजे बुद्ध, दुसऱ्याला अप्रिय वाटेल असं बोलतात का? हो म्हणाले, तर सामान्य माणसात आणि त्यांच्यात फरक काय? नाही म्हणाले, तर संघ फोडणाऱ्या देवदत्ताला इतके कडक शब्द का बोलले? बुद्धाने सरळ हो किंवा नाही म्हटलं नाही. अभयच्या मांडीवर त्याचं तान्हं बाळ होतं. बुद्धाने विचारलं, या बाळाने काडी किंवा खडा तोंडात घातला तर तू काय करशील? अभय म्हणाला, काढीन. सहज निघाला नाही, तर डाव्या हाताने त्याचं डोकं धरीन, उजव्या हाताचं बोट वाकडं करून आत घालीन आणि रक्त आलं तरी खडा काढीन, कारण मला त्याची कणव आहे. मग बुद्धाने सांगितलं की जे खरं आहे पण हिताचं नाही, ते तथागत बोलत नाहीत. जे खरं आहे, हिताचंही आहे पण कडू आहे, ते योग्य वेळ पाहून बोलतात.

ही गोष्ट सांगताना बहुतेक जण रक्तावर थांबतात. माझं मन मात्र डाव्या हातावर अडलं. घरी जाऊन मी भावाच्या लेकराला मांडीवर घेऊन पाहिलं. डावा तळवा डोक्याखाली गेल्याशिवाय उजवं बोट आत नेताच येत नाही, मान लचकेल. आधी धरायचं, मग काढायचं. फोनवर माझ्याजवळ फक्त उजवं बोट होतं, खरं तर नुसता अंगठा. ज्याचं नाव ठाऊक नाही, ज्याचं डोकं कुठे आहे ते दिसत नाही, त्याच्या तोंडात मी सव्वा महिना बोट घालत होतो.

अनोळखी माणसाला डावा हात देताच येत नाही, असं मात्र नाही. संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर पोरं बीजीएमआय खेळतात. 2020 च्या सप्टेंबरात पब्जी बंद झालं तेव्हा हीच पोरं कोणाकोणाशी भांडत होती. 2021 च्या जुलैत खेळ नव्या नावाने आला, पुढे तोही बंद झाला आणि 2023 मध्ये परतला. त्या खेळात आपल्या चमूतला अनोळखी गडी गोळी लागून पडला की त्याला रिव्हाइव्ह करता येतं. त्यासाठी त्याच्याजवळ जाऊन काही सेकंद गुडघ्यावर बसावं लागतं. त्या सेकंदांत गोळीबार करता येत नाही, स्वतः मरण्याची भीती असते, तरी पोरं धावत जातात. कधी पाहिलेला नाही, भाषा कळत नाही, अशा गड्यासाठी जातात. मग डाव संपतो आणि त्यातलंच एखादं पोर त्याच गड्याला माईकवर आईवरून शिवी घालतं. एकाच बैठकीत दोन्ही. मी हे कितीदा तरी पाहिलं आहे आणि मला ते साधं वाटत नाही. म्हणजे कणव अनोळखी माणसापर्यंत पोचू शकते. वाद सुरू झाला की आपण गुडघा टेकवत नाही, एवढंच.

दुकानात बसणारे एक संस्कृतचे गुरुजी माझ्या या विचारावर नाराज आहेत. ते न्यायसूत्राचा दाखला देतात. तिथे सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प आणि स्वतःची बाजूच नसताना नुसतं दुसऱ्याचं मोडत राहायचं ती वितंडा. पण त्याच ग्रंथात असंही म्हटलं आहे की कोवळ्या अंकुरांच्या रक्षणासाठी जसं काटेरी फांद्यांचं कुंपण, तसे जल्प आणि वितंडा सत्याच्या रक्षणासाठी लागतात. गुरुजींचं म्हणणं, खोटं पसरवणाऱ्यापुढे गोड बोलून चालत नाही, काटे हवेतच. हे मी नाकारत नाही. आम्हीही पऱ्ह्यांभोवती बोरीचे काटे लावतो, नाहीतर ढोरं एका रात्रीत फस्त करतात. पण रोवणीच्या वेळी काटे बाजूला करून आत जावं लागतं. माझ्या त्या वादात कुंपण उत्तम होतं. आत पऱ्हे टाकलेच नव्हते.

धार वाईट, असं मी म्हणूच शकत नाही. 1954 साली बाबासाहेब आमच्या भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे होते आणि हरले. त्यांची लेखणी आणि वाणी आयुष्यभर धारदारच राहिली. पण ते ज्यांच्याशी वाद घालत, त्यांचे ग्रंथ आधी मुळापासून वाचत. दुसऱ्याचं म्हणणं पूर्ण समजून घेणं, हाच मला त्यांचा डावा हात वाटतो. 1950 साली औरंगाबादला काढलेल्या महाविद्यालयाला त्यांनी मिलिंदाचं नाव दिलं. मिलिंद हा यवन, म्हणजे ग्रीक, राजा, वादात भल्याभल्यांना गप्प करणारा. भिक्खू नागसेनाने त्याला आधीच अट घातली: पंडितांसारखा बोलणार असशील तर बोलतो, राजासारखा बोलणार असशील तर नाही. पंडित चुकला तर चूक मान्य करतो, रागावत नाही. राजाला कोणी विरोध केला तर तो दंड देतो. फोन हातात घेतला की आम्ही सगळेच राजे. ब्लॉक करणं हा आमचा दंड.

वर्षावासातच, रोवणी आटोपल्यावर, मी त्या वाघवाल्याला उत्तर लिहिलं. मेमध्ये पारा 45 च्या आसपास जातो, दुपारी आम्ही जमिनीवर पाणी शिंपडून झोपतो, कूलरची हवाही गरम लागते. तू विचारलं होतंस तेव्हा मी वाकडं बोललो, ती माझी चूक. आणि त्या 49 केंद्रांपैकी एकही मी पाहिलेलं नाही.

तीन दिवसांनी त्याचं आलं: मग यंत्रं नक्की कशाने बिघडली?

मला माहीत नाही, असं मी लिहिलं. मग तुझं नाव काय, तेही विचारलं.