पॉवरवाली गोळी

बस. आणि मान वर करून ऐक, आता तू सातवीत नाहीस. तुझ्या बायकोने सकाळी मला सगळं सांगितलंय. तीन आठवडे खोकतोयस, संध्याकाळी अंग तापतं, आणि तू मेडिकलवाल्यापुढे उभा राहून म्हणतोस, "पॉवरवाली गोळी द्या." तुला कुणी डॉक्टर केलं?

काढ ती खिशातली पट्टी. बघ नीट. कात्रीने कापून दोनच गोळ्या दिल्यात. नावाचं अर्धं टोक गेलं, मुदतीची तारीख गेली. उरलंय 'फ्लॉक्सासिन ५००' आणि कडेची लाल रेघ. वाचायला मीच शिकवलं ना तुला? मग त्या रेघेजवळचं का वाचलं नाहीस? डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, हाच तिचा अर्थ.

"पण ताप उतरतो बाई," म्हणू नकोस. उतरतो, तीच तर भीती आहे. या जातीची औषधं टीबीच्या जंतूंनाही थोडीफार मारतात. चार दिवस बरं वाटतं, खरा आजार झाकला जातो, निदान लांबतं. आणि जे जंतू तगतात, ते पुढे त्याच औषधाला दाद देत नाहीत. हट्टी टीबीसाठी डॉक्टरांच्या हाताशी जी मोजकी औषधं आहेत, त्यांतलीच ही. २०११च्या अखेरीस याच मुंबईत डॉ. झरीर उदवाडियांनी तपासलेल्या एकाही औषधाला न जुमानणाऱ्या टीबीचे रुग्ण जगापुढे मांडले. तुला टीबीच झालाय असं मी म्हणत नाही. ते तपासणी सांगेल, काउंटरवरचा पोऱ्या नाही.

आणि उरलेल्या गोळीचं काय केलंस? मोडून अर्धी पोरीला दिलीस, सर्दीसाठी! सर्दी विषाणूंची असते, त्यांच्यावर या गोळीचा काडीचा परिणाम होत नाही. आणि हे औषध लहान मुलांना डॉक्टरसुद्धा सहसा देत नाहीत, नाइलाज असेल तरच देतात. नऊ वर्षांची आहे ती. हात कसा धजावला तुझा?

खाडा पडला की घरात काय होतं, ते मला ठाऊक आहे. दवाखान्याची वेळ आणि तुझ्या कामाची वेळ एकच, रांगेत अर्धा दिवस जातो. हा दोष तुझा नाही, आणि तसं मी दवाखान्यात जाऊन सांगणार आहे. चिठ्ठी न बघता विकणाऱ्यालाही सोडणार नाही. कित्येक अँटिबायोटिकांच्या विक्रीची डॉक्टरच्या आणि रुग्णाच्या नावानिशी वेगळ्या वहीत नोंद करायचा नियम २०१४पासून लागू आहे. त्याची वही मी मागणार. पण त्यांच्या चुकांमागे तू लपायचं नाहीस. दोन दिवसांची मजुरी वाचवायला गेलास आणि महिन्यांचं अंथरूण धरलंस, तर घर कोण चालवणार?

उद्या कामावर जायचं नाही. सकाळी महापालिकेच्या दवाखान्यात जायचं आणि बेडका तपासायला द्यायचा. पैसे लागत नाहीत. टीबी निघाला तर औषधंही फुकट, आणि उपचार चालू असेपर्यंत खाण्यापिण्यासाठी सरकार महिन्याला १००० रुपये खात्यात जमा करतं. आतापर्यंत काय काय गिळलंस ते एकूण एक डॉक्टरांना सांग, लाजू नकोस. पोरीलाही ने, एकाच खोलीत झोपता तुम्ही. आणि ठेकेदाराचा नंबर इथे लिहून दे, त्याच्याशी मी बोलते.