आठवा साक्षीदार

तर्कशास्त्राच्या वर्गांत अनुमानाचें उदाहरण देण्याची वेळ आली कीं आम्ही शिक्षक न्यायशास्त्रांतील त्या जुन्या डोंगराकडे बोट दाखवितों. डोंगरावर धूर दिसतो. जेथें धूर तेथें अग्नि, हें आपण स्वयंपाकघरांत पाहिलेलें असतें. म्हणून डोंगरावर अग्नि आहे. पंचवीस वर्षें मीं हें उदाहरण निःशंकपणें दिलें. परंतु त्यांत एक गोष्ट मुकाट्यानें गृहीत धरलेली आहे, ती ध्यानांत येण्यासाठीं मला अमेरिकेंतील मोटारींच्या एका शर्यतीच्या मैदानावर जावें लागलें. पायथ्याशीं उभ्या असलेल्या नैयायिकाचें त्या डोंगरावर कांहींच नसतें. आग असली काय नि नसली काय, त्याचें घर सुरक्षित आहे.

माझा एक जुना विद्यार्थी तिकडे इंजिनियर आहे आणि हौसेनें ‘ड्रॅग’ शर्यतींत गाडी पळवितो. दोन गाड्या शेजारीं शेजारीं उभ्या राहतात आणि सरळ रस्त्यावर पाव मैल, किंवा पुष्कळ ठिकाणीं त्याच्या निम्मे म्हणजे 660 फूट, जिवाच्या आकांतानें धांवतात. वळण नाहीं, डावपेंच नाहीं; कांहीं सेकंदांत सारा खेळ आटोपतो. हा पोरखेळ आहे असें प्रथम मला वाटलें, आणि अजूनहि तें मत मीं सर्वस्वी सोडलेलें नाहीं.

इंजिनाला अधिक बळ यावें म्हणून कांहीं स्पर्धक त्यांत नायट्रस ऑक्साइड सोडतात. 1772 सालीं प्रीस्टलेनें तयार केलेला, आणि पुढें दांत उपटतांना गुंगी आणण्यासाठीं वापरांत आलेला, तोच हा हंसविणारा वायु. तो स्वतः इंधन नव्हे. इंजिनांतील उष्णतेनें तो फुटतो व त्यांतील प्राणवायु मोकळा होतो. वजनाच्या हिशेबानें हवेंत प्राणवायु शेंकडा 23 च्या सुमारास असतो, या वायूंत शेंकडा 36. अर्थात् तेवढें अधिक पेट्रोल जाळतां येतें. पण पेट्रोल कमी पडलें, किंवा ठिणगी फार लवकर पडली, तर मिश्रण शिस्तीनें जळण्याऐवजीं एकदम भडकतें आणि त्या तडाख्यानें ॲल्युमिनियमचा पिस्टन झिजूं वितळूं लागतो.

आंत काय घडलें हें सांगणार कोण? हल्लीं त्यासाठीं विजेचीं उपकरणें पुष्कळ झालीं आहेत. तरी जाणते लोक अजून स्पार्क प्लग काढून पाहतात, कारण ज्वाळेंत प्रत्यक्ष उभा असलेला साक्षीदार तोच. त्याची साक्ष मात्र फार नाजूक. अंतिम रेषा ओलांडतांच इंजिन तत्काळ बंद करावें लागतें आणि गाडी दोरानें ओढून आणावी लागते. ती आपल्या पायांनीं परत आली तर त्या संथ वाटचालीची काजळी मूळ अक्षरांवर बसते. मग आठ सिलिंडरांचे आठ प्लग ओळीनें मांडतात. प्लगाच्या वांकड्या पट्टीवर, उष्णतेनें रंग जेथवर बदलला तेथें, एक सीमा उमटते. ती वळणाच्या आसपास असली तर उत्तम. टोंकाकडे राहिली तर ठिणगी उशिरा पडली, बुडाकडे सरकली तर फार लवकर. चिनी मातीच्या मुळाशीं, अगदीं खोल, पेट्रोलचें प्रमाण सांगणारें एक वलय असतें. तें दिसण्यास भिंग आणि बारीक दिवा हवा, आणि कांहीं जण तर कवच कापूनच तें पाहतात. पांढऱ्या चिनी मातीवर मिऱ्याच्या पुडीसारखे काळे ठिपके दिसले तर तो इशारा समजावा. चकाकणारे कण दिसले तर ते पिस्टनच्याच अंगाचे.

त्या दिवशीं पहिली फेरी तो जिंकला होता आणि दुसरीस फारसा अवकाश नव्हता. सात प्लग निर्दोष होते. आठव्यावर त्याला एक कण चकाकल्यासारखा वाटला. त्यानें भिंग माझ्या हातीं दिलें. मला कांहीं दिसलें नाहीं. खरें सांगावयाचें तर कांहीं दिसूं नये अशीच माझी इच्छा होती. त्याचा सोबती म्हणाला, “दिव्याची चमक असेल. सात प्लग काय सांगताहेत तें पाहा.” पण इंजिनांत बहुमत चालत नाहीं. सात सिलिंडरांच्या आरोग्यानें आठवा पिस्टन वांचत नाहीं, आणि तो फुटला कीं उरलेले सातहि त्याच्याबरोबर जातात.

अशा वेळीं चुकीचें वाचणें हा बुद्धीचा दोष कीं शीलाचा? बुद्धीचा, असें मीं आजवर शिकवीत आलों. हेत्वाभास ओळखावे, म्हणजे झालें! पण एका वर्षीं एका आवडत्या विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका तपासतांना, त्यानें न लिहिलेली एक पायरी मीं मनांतल्या मनांत त्याच्या वतीनें लिहून घेतली आणि पूर्ण गुण दिले. ती पायरी तेथें नव्हती हें मला महिन्यानें उमगलें. माझे डोळे तेव्हां अधू नव्हते आणि तर्कशास्त्रहि मला येत होतें.

यावर कोणी म्हणेल, वाचणारा निरिच्छ असावा. हें मला पटत नाहीं. ज्याला जिंकावयाचें नाहीं तो भिंग हातीं धरणारच नाहीं. इच्छेनेंच त्या मुलाची नजर इतकी तिखट केली कीं मला न दिसणारा कण त्याला दिसला. डोंगरावर स्वतःचें घर आहे म्हणूनच तो डोंगराकडे पाहतो, आणि त्याच कारणानें धुराला धुकें म्हणण्याचा मोहहि त्यालाच होतो. दोन्ही एकाच मुळांतून निघतात. त्यांतलें एक ठेवून दुसरें छाटावें कसें, याचें उत्तर माझ्या पुस्तकांत मला सांपडलेलें नाहीं.

त्यानें नायट्रसचा जेट लहान केला, ठिणगी दोन अंशांनीं मागें घेतली, आणि दुसऱ्या फेरींत तो अगदीं थोडक्यांत हरला. इंजिन शाबूत राहिलें.

रात्रीं जेवतांना त्यानें विचारलें, “सर, मीं बरोबर वाचलें ना?”

मी कांहीं बोललों नाहीं. इंजिन फुटलें असतें तर कण खरा होता हें सिद्ध झालें असतें. न फुटल्यानें कांहींच सिद्ध झालें नाहीं. त्याच्या सोबत्याच्या मतें तर ती शर्यत एका चमकेपायीं गेली.

तो आठवा प्लग त्यानें निघतांना मला दिला. माझ्या टेबलाच्या खणांत तो आहे. मधून मधून मी भिंग घेऊन खिडकीशीं बसतों. कधीं तो कण दिसतो, कधीं दिसत नाहीं.